बारकीचं घर बघायला

"घर बघायला चाललोय की राहायला, तेवढं कुणीतरी सांगा म्हणजे झालं," वहिनी खिडकीकडे तोंड करून पुटपुटली. तिच्या मांडीवर सासूबाईंची कापडी पिशवी होती, पिशवीत उशी होती, उशीवर पाण्याची बाटली होती, आणि शेजारी तिचा नवरा, घरातला थोरला, असा ऐसपैस बसला होता की तिचा खांदा कधीच गाडीच्या दारात जमा झाला होता.

"काय म्हणाली गं ती?" पलीकडून आईने विचारलं.

"काही नाही. ऊन आहे म्हणाली," थोरला म्हणाला.

पुढच्या सीटवर बारकी हसली. तिचं हसू आधी खांद्यांत यायचं, मग मानेत, आणि सगळ्यात शेवटी तोंडावर. तोवर बघणाऱ्यालाही हसू फुटलेलं असायचं. "वहिनी ऊन म्हणालीच नाही," ती म्हणाली. एकेक शब्द जबड्याशी झटापट करून बाहेर पडला, पण पडला.

"ती म्हणते, काच वर करा, ऊन लागतंय," आईने सगळ्यांना सांगितलं.

बारकी काय म्हणाली ते गाडीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. तरी गाडी चालवणाऱ्या मधल्या बहिणीने मुकाट्याने काच वर केली.

घरातली रीतच होती ती. बारकी बोलायची, आई सांगायची. बारकी चार वर्षांची असताना डॉक्टरांसमोर हे ठीकच होतं, त्यांना खरंच काही कळत नसे. पण आता ती चाळिशी ओलांडून गेली होती. चाकांच्या खुर्चीवरून घरभर फिरायची. लोकांचे जुने, फाटके, पाणी लागलेले फोटो संगणकावर नीट करून द्यायची, आणि पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाशी लेखी असं भांडायची की तो दुसऱ्या दिवशी माफी मागायचा. तरी तिने तोंड उघडलं की सगळ्यांच्या माना तिच्याकडून आईकडे वळायच्या. आई सांगताना थोडं काढायची, थोडं घालायची. बारकी 'नको' म्हणाली की आईच्या तोंडून ते 'आत्ता नको म्हणते' होऊन यायचं. 'मला कंटाळा आलाय' याचं 'तिला झोप आलीय' व्हायचं. कुणी हरकत घेत नसे. एकतर आईशी कोण वाद घालणार, आणि दुसरं म्हणजे आईची बारकी सगळ्यांनाच सोयीची होती. फार काही मागत नसे ती.

वहिनीचं मात्र या न बघितलेल्या घराबद्दल फार चांगलं मत होतं. मधलीने किती वर्षांपूर्वी तरी तिथे बारकीचं नाव घालून ठेवलं होतं. खुर्चीवरच्या, काठीवरच्या, न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसांसाठीच बांधलेली इमारत, आणि भाडं ज्याच्या त्याच्या कमाईच्या मानाने. नंबर गेल्या आठवड्यात लागला. तेव्हापासून वहिनी रोज मनातल्या मनात घरातली आतली खोली रिकामी करत होती. बारकी जाणार म्हणजे आई जाणार. एवढ्यासाठी कुणाला विचारायचीसुद्धा गरज नव्हती, उशी मांडीवरच होती. वहिनी पडदे शिवून द्यायची. शिलाई मशीन दाराजवळच्या बोळात, आणि कापड पसरायचं ते जेवणाच्या टेबलावर, जेवणं उरकल्यावर. आतल्या खोलीत अख्खा पडदा जमिनीवर सरळ पसरता आला असता. या विचाराने तिला इतकं बरं वाटायचं की मग लाज वाटायची, आणि लाज वाटली की ती कुरकुर करायची.

"बहिणीला बाहेर काढली म्हणतील," थोरल्याने पाचव्यांदा सांगितलं.

"कोण म्हणतील?" मधलीने आरशातून विचारलं.

"लोक."

"लोक आणून उभे कर समोर. त्यांना रोज सकाळी हिला अंघोळ घालायला लावू."

मधली लोकांना गाडी चालवायला शिकवायची. समोरच्याला थांबवायचा ब्रेक आपल्याच पायाखाली असल्यासारखं ती सगळ्यांशीच बोलायची.

इमारत पाहिल्यावर सगळ्यांचीच थोडी निराशा झाली. काहीतरी दवाखान्यासारखं दिसेल अशी तयारी करून आले होते, आणि समोर साधीच चार मजली इमारत उभी होती. गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, कुठे कुंड्या, एका गॅलरीत उलटी टांगलेली सायकल.

"सायकल कोण चालवतं इथे?" थोरल्याने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावरचे. त्यांना ऐकू येत नाही, पाय चांगले आहेत," दारातून उत्तर आलं. इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या बाई होत्या त्या. केसात पेन्सिल खोचलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्या सगळ्यांना ओलांडून सरळ बारकीपाशी गेल्या, उताराच्या बुटक्या कठड्यावर बसल्या आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाल्या, "प्रवास कसा झाला?"

"वहिनीच्या मांडीवर उशी होती," बारकी म्हणाली.

"ती म्हणते, छान झाला," आई म्हणाली.

बाईंनी आईकडे बघितलंच नाही. "कळलं नाही मला. पुन्हा सांगा."

बारकीने पुन्हा सांगितलं. बाईंनी भुवया जवळ आणून ऐकलं, 'उशी' या शब्दाला त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या म्हणाल्या, "कुणाची उशी?"

यावर मात्र सगळेच एकदम लिफ्टकडे निघाले.

घर दुसऱ्या मजल्यावर. आत शिरल्या शिरल्या जो तो आपापल्या वाटेने पांगला, जत्रेत पांगावा तसा. थोरल्याचा धंदा फरशा बसवण्याचा. तो चपला काढून थेट न्हाणीघरात गेला आणि तिथून बाहेर येईना. उंबरा नाही, चढ नाही, खुर्ची सरळ आत जाते, आणि तरी पाणी बाहेर यायचं नाही म्हणतात. कसं? त्याने बादली भरली आणि उपडी केली. पाणी दाराकडे धावत आलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि वळून कोपऱ्यातल्या जाळीकडे गेलं. त्याने पुन्हा बादली भरली. तिसऱ्या वेळी तो जमिनीवर उकिडवा बसून, गाल जवळजवळ फरशीला लावून बघत होता.

"अहो, लोक काय म्हणतील?" वहिनी दारातून म्हणाली.

"उतार दोन बाजूंनी दिलाय. दिसतच नाही डोळ्याला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विरोध औषधाला उरला नव्हता. मग त्याला आठवलं आपण विरोधात आहोत ते, आणि तो पँट झटकत उठला. "पण बहीण ती बहीण. आपलं घर असताना..."

"आपल्या घरात गेली पंधरा वर्षं तिला उंबऱ्यावरून उचलताय. तुम्हाला नाही सुचलं ते दोन बाजूंनी?"

थोरल्याने पायानेच पुन्हा फरशीचा उतार चाचपला. शहरभरातल्या न्हाणीघरांना त्याने उतार दिला होता. स्वतःच्या घरी उंबरा तसाच होता, कारण उचलायला तो होता. रोज सकाळी कामावर जायच्या आधी बारकीला उचलून आत न्यायची, हे त्याचं काम. ते कुणी आपल्याकडून काढून घेईल असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघरात गेली. ओटा तिच्या मांडीएवढ्या उंचीवर. खालून मोकळा, खुर्ची गुडघ्यांसकट आत जाईल असा. तिने ओट्यावर हात टेकून बघितले तर वाकावं लागलं. "इथे मी उभी राहिले तर माझी कंबरच जाईल," ती म्हणाली.

"तू कशाला उभी राहतेस?" मागून बारकी म्हणाली. "बस की."

वहिनीने स्टूल ओढलं आणि बसली. दोघी ओट्यापाशी समोरासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, आणि वहिनीच्या लक्षात आलं की बारकीशी बोलताना आपण इतकी वर्षं वाकत आलोय. दुपारी सगळे झोपले की दोघी बोलत बसायच्या, म्हणजे वहिनी मशीनवरून नातेवाइकांच्या नकला करायची आणि बारकी खुर्चीत कोसळेपर्यंत हसायची. घरात तिच्या नकलांना हसणारं दुसरं कुणी नव्हतं. खोली रिकामी करताना हा हिशेब तिने केलाच नव्हता.

"आवडलं?" तिने विचारलं.

"खिडकी बघितलीस?" बारकी म्हणाली.

खिडकी वहिनीने बघितली होती, पण खिडकीसारखी. बारकीने तिला बसल्या जागेवरून बघायला लावलं. घरच्या खिडकीची चौकट बारकीच्या डोळ्यांच्या वर. तिथून तिला आकाश दिसे आणि समोरच्या इमारतीचे वरचे मजले. या खिडकीतून खालचा अख्खा रस्ता दिसत होता. लोक चेहऱ्यांसकट, पायांसकट. एक बाई चप्पल हातात घेऊन चाललेली होती. तिचं काय झालं असेल यावर दोघी जरा वेळ बोलल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "हे धर गं टोक."

आईने पिशवीतून घरचे पलंग मोजून गाठी मारलेली सुतळी काढली होती. एका टोकाला गाठ, आणि मध्ये कुठेतरी दुसरी गाठ. ती भिंतीपाशी ओणवी झाली होती आणि दुसरं टोक मधलीकडे देत होती. "पलंग बसतोय का बघते. हिचा इकडे, माझा खिडकीखाली. रात्री हात लांब केला की हिला पोहोचायला हवा."

मधलीने टोक धरलं. लहान मुलीसारखं मुकाट्याने धरलं. सुतळी भिंतीला ताणली, गाठ कोपऱ्याच्या आत आली. "बसतोय," आई समाधानाने म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

मधलीने बाहेर येऊन वहिनीला दंडाला धरून दाराबाहेर, मोठ्या बोळात नेलं. "ऐक. आई इथे येणार नाहीये."

"म्हणजे?"

"बारकीला एकटीला राहायचंय. मला तिने गेल्याच वर्षी सांगितलं. आईला मी सांगणार होते."

"मग?"

"मग काय. सांगणारच होते."

"तुम्ही?" वहिनी म्हणाली. "तुम्ही तर भर रस्त्यात ट्रकवाल्याला खाली उतरवता, ताई."

"ट्रकवाला म्हणजे आई नव्हे." मधलीने कपाळ चोळलं. "शिवाय आई इथे राहिली तर मदतनीस बाई मिळत नाही. घरात करायला माणूस असेल तर त्या येत नाहीत, नियम आहे. म्हणजे पुन्हा सगळं आईच करणार, अंघोळीपासून. गुडघे बघितलेस ना तिचे?"

वहिनीच्या डोळ्यांपुढे घरची आतली खोली पुन्हा भरायला लागली. पलंग आला, सासूबाई आल्या, सासूबाईंची औषधं आली. ती म्हणाली, "पण एकटी? रात्री काही झालं तर? नाही बाई, मला हे पटत नाही."

"सकाळपासून तुला पटत होतं."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

थोरला ओल्या पायांनी बाहेर आला. "काय चाललंय?" मधलीने त्यालाही सांगितलं. त्याने ऐकलं, भिंतीवरचा हात धरायचा कठडा चाचपला, आणि सावकाश म्हणाला, "म्हणजे आई घरीच राहणार?" त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की वहिनीने मान फिरवली. "तसं घर वाईट नाही," तो म्हणाला. "न्हाणीघर तर..."

"वा," वहिनी म्हणाली. "आता लोक काही म्हणणार नाहीत वाटतं."

"पण आईला सांगायचं कुणी?" त्याने विचारलं.

तेवढ्यात आईही त्यांना शोधत बाहेर आली. "इथे काय उभे राहिलात सगळे? ती आत एकटी आहे," ती म्हणाली, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या मागे दार सावकाश, कुणाचा हात न लागता, बंद झालं.

"अगं," आई म्हणाली आणि दारावर थाप मारली. "बारके. बारके, दाराचं बटण दाबलं गेलं का चुकून?"

आत बारकीचा हात बटणावरच होता. चुकून काही झालं नव्हतं. दार कसं लागतं ते तिला बघायचं होतं. आजवर तिच्या मागे दारं लागली होती, पुढे लागली होती, पण आतून, स्वतः, असं एकही नाही. बाहेर आईच्या थापा येत होत्या, दादा काहीतरी बिजागऱ्यांबद्दल बोलत होता, आणि सगळं थोडं दूरचं वाटत होतं, शेजारच्यांकडे चालल्यासारखं.

तिने खुर्ची मागे घेतली. खोलीच्या मधोमध आली. एकटं असताना काय करतात? तिला माहीत नव्हतं. तिने एक शब्द मोठ्याने म्हणून पाहिला, कुठलाही, 'पडदा'. कुणी तो पुन्हा सांगितला नाही. शब्द खोलीत गेला आणि तिथेच राहिला. मग तिने आणखी एक म्हटला. भीती वाटत होती, नाही असं नाही. हात घसरला तर, खुर्ची उलटली तर, रात्री घशात पाणी अडकलं तर. भिंतीवरून लोंबणारी, मदतीला बोलवायच्या घंटेची दोरी तिने ओढून बघितली.

बोळात घंटा वाजली आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. "पडली. पडली ती."

"पडली असती तर आधी पडल्याचा आवाज आला असता," व्यवस्थेच्या बाई जिन्याकडून चालत, अजिबात न धावता, येत म्हणाल्या. "बघत असेल वाजते का. सगळेच बघतात. समोरचे काका आले तेव्हा तीन दिवस वाजवत होते." त्यांनी दारावर टकटक केली. "येऊ का?"

"थांबा," आतून बारकीचा आवाज आला.

हा शब्द बाईंना पहिल्याच वेळी कळला. त्या थांबल्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली. दार उघडायची किल्ली हातात असलेलं माणूस बारकीच्या सांगण्यावरून दाराबाहेर उभं राहिलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. ती स्वतः तर कधीच राहिली नव्हती.

मग दार उघडलं. बारकी दारातच होती, केस विस्कटलेले, कपाळावर घाम.

"घाबरली होती," आई सगळ्यांना म्हणाली आणि पदराने तिचं कपाळ पुसायला वाकली. बारकीने मान बाजूला घेतली. अगदी जराशी. आईचा हात तसाच हवेत राहिला, आणि मग तिने त्याच पदराने आपलं तोंड पुसलं, जणू त्याचसाठी तो उचलला होता.

सगळे आत येऊन बसले. बसायला स्टूल एकच होतं, ते आईला दिलं. थोरला खिडकीच्या कट्ट्यावर टेकला, बाकीच्या भिंतीला. बाई बारकीपुढे जमिनीवरच मांडी घालून बसल्या. "तर मग," त्या म्हणाल्या, "घर हवंय?"

"हो," बारकी म्हणाली.

"कोण कोण राहणार इथे? मला आज सांगावं लागेल. भाडं राहणाऱ्यांच्या कमाईवर ठरतं, मदतीला बाई द्यायची की नाही तेही त्याच्यावर. आज नाही ठरलं तर खाली पुढचं माणूस थांबलेलं आहे."

"मी बघितलंय मोजून," आई म्हणाली. "दोन पलंग बसतात."

थोरल्याला एकाएकी रस्त्यावर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. मधली नखं बघत होती. वहिनीने सासूबाईंची पिशवी मांडीवर घेतली. आता ती कुणी दिली नव्हती, तरी घेतली.

बाईंनी आईला मान डोलावली, आणि नजर बारकीवरून काढली नाही. "कोण कोण?"

बारकी बोलली. दुपार झाली की तिचा जबडा आखडायचा, त्यात घाई झाली, आणि वाक्य एका दमात, एकमेकांत अडकलेलं बाहेर आलं.

"कळलं नाही मला," बाई म्हणाल्या. "पुन्हा सांगा. सावकाश."

बारकीने पुन्हा सुरुवात केली. पहिल्या अक्षरालाच तोंड वाकडं होऊन अडकलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. तिने श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. खोलीत बाकी चौघं होती आणि चौघांनाही पहिल्याच वेळी अक्षरन् अक्षर कळलं होतं.

"मी सांगते," मधली भिंतीपासून सुटून म्हणाली.

बारकीने मान हलवली. नाही. तिने खुर्ची वळवली, स्टुलावर बसलेल्या आईसमोर आणली, आणि या वेळी तिला दोनच शब्द हवे होते, ते तिने सोडवून घेतले. "आई. तू सांग."

आईच्या ओठांवर वाक्य तयार होतं. तिला ते शोधावं लागलं नव्हतं, आजवर कधीच लागलं नव्हतं. ती म्हणते, सुरुवातीला थोडे दिवस आई राहील, मग बघू. कुणी हरकत घेतली नसती. बाईंनी मान डोलावली असती, थोरल्याने सुटकेचा श्वास सोडला असता, सगळे गाडीत बसून घरी गेले असते आणि बारकी पुढच्या सीटवर बसून काही बोलली असती तर ते उन्हाबद्दल असतं.

ती लेकीकडे बघत राहिली. उंची एकच झाली होती दोघींची, स्टूल बुटकं होतं. इतक्या जवळून, इतक्या सरळ, मध्ये दुसरं कुणी ऐकायला नसल्यासारखं तिने हे तोंड फार दिवसांत बघितलं नव्हतं. बारकी वाट बघत होती. घाबरलेली होती, हे खरंच होतं. पण नजर काढत नव्हती.

आई बाईंकडे वळली.

"ती म्हणते, तिला इथे एकटीला राहायचंय," ती म्हणाली. "माझ्याशिवाय." मग क्षणभर थांबून, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाली, "असंच म्हणाली ती. मी त्यात माझं काही घातलेलं नाही."